राखेतली आई

सरूबाईला लिहिता येतं, हे तिच्या घरात कुणालाच ठाऊक नाही. क्रांती चौकातल्या बँकेत ती अंगठाच पुढं करते.

लहानपणी एका हंगामात काही आठवडे ती साखरशाळेत गेली होती. मायबाप कन्नड तालुक्यात ऊस तोडायला आलेले. तोडणीवाल्यांच्या पोरांसाठी खोप्यांजवळ, पाचटाच्या छपराखाली शाळा भरायची. पाट्या पुरत नसत. मग शिकवणाऱ्या द्वारकाबाई चुलीतली राख चाळून परातीत पसरत आणि पोरांची बोटं धरून अक्षरं गिरवून घेत.

बापाला, रामकिसनला, ते रुचत नव्हतं. "राख पसरायला कुणी मेलंय का? अन् मोळ्या कोण बांधील?"

"तिच्या वाटच्या मी बांधते," माय म्हणायची. "जाऊ द्या तिला."

सरू पहिला शब्द शिकली, तो 'आई'.

"मला लिवून दाव एकदा," माय म्हणाली. पण उजाडायच्या आत ती फडात गेलेली असायची.

त्याच आठवड्यात मायला फडात साप चावला. जीप मिळेपर्यंत ती गेली.

रिवाजाप्रमाणं जीव गेला त्या जागी राख पसरली, वर टोपली पालथी घातली. मेलेल्याला पुढचा जन्म कोणता, त्याची खूण सकाळी राखेत उमटते म्हणतात. बायका पाण्याला गेल्या तेव्हा सरूनं टोपली उचलली आणि बोटानं लिहिलं, 'आई'. दाखवायचं राहिलं होतं.

सकाळी मुकादम काकासाहेब राखेवर वाकला. टोळीतल्या मोठ्या माणसांत वाचता कुणालाच येत नव्हतं. 'ई'च्या वेटोळ्यावर त्याची नजर थांबली.

"सापाचा जन्म हाय, रामकिसन."

बापानं टोपली राखेवर परत पालथी घातली. सरू बोलली असती, तर राख बाटवली म्हणून सगळा दोष शाळेवर आला असता आणि शाळा सुटली असती. शाळा तरीही सुटलीच; मायच्या मोळ्या आता तिलाच बांधायच्या होत्या.

पुढं एकदा फडात साप निघाला. माणसं कोयते घेऊन धावली. बापानं त्यांना अडवलं, हात जोडले.

"सरूची माय, पोर बरी हाय. जा आता."

सरू खाली मान घालून मोळी बांधत राहिली.

म्हातारपणी सरकारी दवाखान्यात, खाटेवरून, बापानं विचारलं, "तुझी माय अजून त्याच जन्मात असंल का गं?"

"सुटली असंल, बा."

"कुणी सांगितलं तुला?"

सरूबाईनं त्याच्या अंगावरची चादर सारखी केली.