तेलाची वाटी कपाटात

डोकं अजून तापलंय, म्हणून लिहितेय.

आजऱ्यात काजू कारखान्यात मी मॅनेजर आहे. काजू फोडताना टरफलातल्या चिकानं हात भाजतात, म्हणून बायका मधेमधे वाटीतलं तेल लावतात. आज नव्या सुपरवायझरनं ती वाटीच कपाटात ठेवली! बायका तशाच फोडत होत्या.

माझी आई हेच काम करायची. कॉलेज सुटल्यावर मीही तिच्याशेजारी बसले. पहिल्या दिवशी तिनं स्वतःच्या आधी माझ्या हाताला तेल लावलं. माणसं सांभाळायची कशी, ते मी तिथंच शिकले.

म्हणून सगळ्यांसमोर त्याच्यावर ओरडले, "वाटी काढ आधी! आणि तेल न लावता दहा काजू फोडून दाखव!"

तो म्हणाला, "मॅडम, सोमवारी तुम्हीच म्हणालासा की, एकीचाबी हात थांबलेला दिसता कामा न्हाय."

म्हणाले होते. अगदी याच शब्दांत.

आईसोबत काम केलेल्या शाहीन मावशी तोंडावर म्हणाल्या, "तुझ्या आईनं हे ऐकलं असतं, तर वाटी तुझ्याच डोक्यात घातली असती."

घालायलाच हवी होती.

खुर्ची मिळाल्यावर तुम्हाला असं सुनावणारं कुणी उरलंय का हो?