गप्प बंदुकांचा रविवार

मिहोको ओडागिरीचा जन्म एका कारखान्यात शिवणयंत्रं दुरुस्त करण्यात गेला. कारखाना बंद पडल्यावर तिनं जपानमधल्या चिबाच्या डोंगरातलं एक रान भाड्यानं घेतलं आणि तिथे छर्रेवाल्या बंदुकांच्या खेळाचं मैदान सुरू केलं. बहिणीनं कपाळाला हात लावला. "ह्या वयात लढाई?"

"लढाई ते करतील. मी करी-भात रांधीन," मिहोको म्हणाली.

रविवारी नळदुरुस्तीवाले, दातांचे डॉक्टर, कचेरीतले कारकून सैनिकांच्या वेषात यायचे आणि एकमेकांवर प्लास्टिकचे छर्रे झाडायचे. छर्ऱ्याचा डाग पडत नाही, खेळाला पंचही नसतो. ज्याला लागला त्यानंच "हिट!" म्हणून ओरडायचं, हात वर करायचा आणि बाहेर यायचं. लागूनही खेळत राहणाऱ्याला तिथे भूत म्हणत, आणि त्याच्या शेजारी बसून कुणी जेवत नसे.

डोंगराचे मालक उन्नो पायथ्याशी राहत. शरद ऋतूत एकदा ते वर आले. टोपी काढून म्हणाले, "ओडागिरीसान, मार्चमध्ये करार संपतोय. पुढे द्यावा असं वाटत नाही. रविवारी ह्या आवाजानं यासूएला पडवत नाही."

यासूए त्यांची बायको. सगळा जन्म गावात परिचारिका म्हणून गेलेला. आता अंथरूण ते ओसरी एवढीच तिची फेरी.

"नव्या वर्षापर्यंत निर्णय थांबवाल? आवाजाचं मी बघते," मिहोको म्हणाली. मैदान गेलं तर दुसरं घ्यायची ऐपत तिच्यात नव्हती, उमेदही नव्हती.

तिनं भाड्यानं द्यायच्या सगळ्या बंदुका खोलल्या. आत दात्यांची चाकं, स्प्रिंग आणि दट्ट्या. शिवणयंत्राचीच लांबची भावंडं. चाकं खडखडत होती तिथे तिनं कागदासारख्या पातळ चकत्या घातल्या, पुरेसं ग्रीस लावलं. दट्ट्या आदळतो तिथे मऊ रबराची गादी बसवली, नळीच्या तोंडाला आतून स्पंज लावलेलं नळकांडं. नेहमीच्या गड्यांनीही आपापल्या बंदुका आणून दिल्या. पहिली जुळवून तिनं घोडा दाबला, तेव्हा कुणीतरी उशीवर टिचकी मारावी एवढाच आवाज झाला. तिनं लगेच दुसरी जुळवायला घेतली.

पुढच्या रविवारी संध्याकाळी उन्नो आले. "कमाल केलीत. बंदुका आहेत की नाहीत कळलंसुद्धा नाही."

"मग झोपल्या ना यासूएसान?"

"नाही हो." ते ओशाळले. "बंदुका थांबल्या तेव्हा मलाही कळलं. ती उठते ती माणसांच्या ओरडण्यानं. कुणी ओरडलं की उठते आणि औषधांची पेटी शोधते. मी म्हणतो, अगं, खेळ आहे. ती म्हणते, कुणाला तरी लागलंय."

यासूएचं काय चुकलं, मिहोकोला वाटलं. लागलेलं तर खरंच असे.

दुसऱ्या रविवारी तिनं सगळ्यांना गोळा केलं. "आजपासून ओरडायचं नाही. नुसता हात."

कुवाबारा हा मासळीबाजारातला लिलाववाला, मैदानावरचा सगळ्यात मोठा घसा. "आणि झाडीत कुणाला हात दिसलाच नाही तर? मला लागलं हे कळणार कुणाला?"

"तुला कळेल ना?"

"मला कळेल की."

"मग झालं तर."

"कुवाबाराच्या बंदुकीला गादी बसली," मागून कुणीतरी म्हणालं, "तोंडाला कुठली बसवायची?"

हसणं झालं, पण मिहोको त्या हसण्यात नव्हती. आवाज गेला तर लाजही जाईल का? सगळं रान भुतांनी भरलं तर मैदान वाचवून करायचं काय?

खेळ सुरू झाला. रान इतकं गप्प, की देवदाराच्या सुया पडताना ऐकू येत होत्या. मग उतारावरच्या बुटक्या बांबूतून एक हात वर आला. पलीकडे दुसरा. मग तिसरा, दाट झाडीच्या अगदी कडेला. तो कुवाबाराचा. त्याच्या समोर कुणीच नव्हतं. कुणाचा तरी भरकटलेला छर्रा असणार. मारणाऱ्यालाही पत्ता नव्हता. तरी तो धिप्पाड माणूस हात ताठ धरून, शाळेतल्या मुलासारखा, बांबूतून वाट काढत बाहेर आला.

इतकी वर्षं मिहोकोनं हा खरेपणा फक्त ऐकला होता. आज दिसत होता. दिवसभर हात वर येत राहिले. जेवणाच्या सुट्टीत भात वाढताना तिनं प्रत्येकाच्या ताटलीत एक पळी जास्तच घातली आणि कारण सांगितलं नाही.

संध्याकाळी उन्नो वर आले ते टोपी हातात घेऊनच.

"सकाळभर ओसरीवर बसून उताराकडे बघत होती," ते म्हणाले. "तिला वाटतं, ही माणसं तिलाच हात करतात. तिनंही प्रत्येकाला केला, एकालाही सोडलं नाही. पेटी मागितली नाही. आणि दुपारी झोपली."

मिहोको काही विचारणार, तोच त्यांनी टोपी डोक्यावर चढवली.

"मार्चमध्ये सहीचा शिक्का घेऊन या, नव्या करारावर मारायला. आणि तो दांडगा आहे ना, सारखा हात वर करणारा? यासूएनं विचारलंय, त्याची तब्येत बरी आहे ना म्हणून."