घट्ट नटावरची पांढरी रेघ

ते प्रकरण माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले निम्मे आज आठवतही नाहीत. हे मात्र आठवतं, कारण आरोपीच्या पोटात काय दुखत होतं ते मला लगेच कळलं होतं. मत्सर ओळखायला मला कधी खबऱ्याची गरज लागली नाही. माझ्याच तुकडीतला एक जण माझ्या आधी वर चढला. त्याचं नाव निघालं की आजही माझा चहा कडू लागतो. असो.

मी तेव्हा सिल्वासाच्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. उन्हाळ्यातल्या एका दुपारी रुग्णालयातून वर्दी आली. सात-आठ वर्षांची मुलगी बेशुद्ध अवस्थेत दाखल झाली होती. डॉक्टर फोनवर म्हणाले, "इंजिनाचा धूर अंगात गेलाय. पण गाडी नवी आहे साहेब, हे मला पटत नाही. तुम्ही बघा."

मुलीचे वडील राखोलीच्या एका कारखान्यात मॅनेजर होते. मूळचे नाशिकचे, राहायला टोकरखाड्याच्या कॉलनीत. त्यांनी टर्बो इंजिनाची लाल पेट्रोल गाडी घेतली होती. त्या दिवशी पुलाजवळ ट्रकांच्या रांगेत गाडी बराच वेळ उभी राहिली. काचा बंद, एसी चालू. बायकोचं डोकं जड झालं, मागे झोपलेली मुलगी हलवूनही उठेना. सुदैवाने संध्याकाळपर्यंत तिने डोळे उघडले. पण बापाने मला पाहताच एकच धोशा लावला, "त्या गॅरेजवाल्याला आत टाका!"

कारण असं होतं. काही दिवसांपासून गाडी शिट्टी वाजवत होती. सकाळी इंजिन थंड असताना चिकचिक आवाज यायचा आणि चढावर ओढ कमी पडायची. हे गाऱ्हाणं घेऊन ते किलवणी रस्त्यावरच्या एका गॅरेजात गेले, तर तिथल्या मालकाने बोनेटही न उघडता सांगितलं होतं, "टर्बो आहे, शिट्टी मारणारच."

हा गॅरेजवाला धुळ्याकडचा. आवाज मोठा, फुशारकी त्याहून मोठी. ठाण्यात आणला तरी खाली बसेना.

"साहेब, मी हात लावला असता तर बोललो असतो ना! मी तर गाडी उघडलीच नाही!"

"अरे शहाण्या, उघडली नाहीस हाच तर तुझ्यावर आरोप आहे," मी म्हणालो. तेव्हा कुठे तो बसला.

बाहेर कॉलनीतली माणसं जमली होती. कोणी गुजरातीत, कोणी हिंदीत, पण मागणी एकच, अटक करा. गॅरेजचं शटर लोकांनी पाडायला लावलंच होतं. अटकेचा शिक्का बसला असता तर त्या रस्त्यावर पुन्हा कोणी त्याच्याकडे स्कूटरसुद्धा दिली नसती. बढाईखोर माणूस लोकांना आवडत नाही आणि असा सापडला की प्रत्येकाला जुना हिशेब आठवतो. मी त्याला बाकावर बसवून ठेवलं, अटक मात्र लिहिली नाही.

गाडी रुग्णालयातून कॉलनीच्या पार्किंगमध्ये नेऊन ठेवलेली होती. ती ताब्यात घेऊन पंचनामा केला आणि मोटार वाहन निरीक्षकाला बोलावलं. त्याने थंड इंजिनावर तपासणी सुरू केली. मागच्या धुराच्या नळीतून हवा सोडली आणि एकेका सांध्यावर साबणाचं पाणी टाकत गेला. जिथून गळती, तिथे बुडबुडा येणार. कुठेच बुडबुडा आला नाही. नंतर हवेऐवजी धूर सोडला, तोही कुठून बाहेर पडला नाही.

"गाडी ठणठणीत आहे," निरीक्षक म्हणाला. "मग पोरगी कशाने बेशुद्ध पडली?"

मग त्याने टर्बोवरचं उष्णतारोधक पत्र्याचं झाकण काढलं. इंजिन आणि टर्बो जिथे जोडलेले असतात, त्या सांध्यापासून काजळीचा काळा फराटा निघाला होता. म्हणजे इथून धूर गळत होता आणि एसीवाटे गाडीत जात होता, आणि आता गळती नव्हती. तेवढ्यात मला नटांवर काहीतरी पांढरं दिसलं. प्रत्येक नटावरून खालच्या लोखंडापर्यंत ओढलेली रंगाची बारीक रेघ. निरीक्षक वाकला आणि म्हणाला, "रंग अगदी ताजा आहे. इंजिन एकदा जरी तापलं असतं तरी हा जळून गेला असता."

याचा अर्थ मुलगी बेशुद्ध पडल्यानंतर, गाडी उभी असताना, कोणीतरी गुपचूप येऊन सांधा आवळला होता. दुसऱ्या दिवशी पेपरात शोधाचं सगळं श्रेय निरीक्षकाला दिलं. रेघ मी पाहिली होती, हे इथे नोंदवून ठेवतो.

गॅरेजवाल्याला रेघेबद्दल विचारलं तर तो उसळला, "नटावर चित्रं काढायला मला वेळ आहे का?" त्याचं खरं होतं. गॅरेजात अशी रेघ कोणी ओढत नाही. मी मात्र ती पाहिली होती, कारखान्यांतल्या अपघातांच्या चौकशीत. मेंटेनन्सची माणसं पाइपाचा नट आवळला की त्यावर रेघ ओढतात. पुढे नट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. वर्षानुवर्षांची सवय असते ती, हात आपोआप खिशातल्या मार्करकडे जातो.

मॅनेजरसाहेबांना विचारलं, "रुग्णालयातून गाडी घरी कोणी नेली?"

"दादांनी. माझे थोरले साडू, आमच्याच कॉलनीत राहतात. दुसरी चावी त्यांच्याकडेच असते."

"ते काय करतात?"

"आमच्याच कारखान्यात आहेत, मेंटेनन्सला," ते म्हणाले.

थोरल्या साडूंना मी माझ्या खोलीत बोलावलं. पन्नाशीचे, नीट इस्त्रीचा शर्ट, सकाळीच मुलीसाठी रुग्णालयात शहाळं देऊन आलेले. अशा माणसावर ओरडून काही निघत नाही. मी चहा मागवला आणि त्यांना माझ्या तुकडीतल्या त्या सोबत्याबद्दल सांगितलं. परीक्षेच्या वेळी माझ्या वह्या नेणारा, आणि पुढे माझ्याच ठाण्याच्या तपासणीला साहेब म्हणून आलेला. "तो जिन्यावरून घसरावा असं मला वाटलं होतं," मी म्हणालो. "मरावा असं नाही. फक्त चारचौघांत घसरावा."

त्यांनी कप जवळ ओढला. मग बोलू लागले.

"त्याला इथे मी आणला, साहेब. माझ्या शब्दावर नोकरी लागली त्याला. आज तो मॅनेजर, आणि मी त्याच्या हाताखालच्या माणसांना नमस्कार करतो. गाडी घेतली, तीही माझ्या खिडकीखाली लावायचा. घरात बायकोकडून रोज ऐकायचं, बघा, माझ्या धाकट्या बहिणीचं कसं झालं. रविवारी तो म्हणायचा, दादा, जरा चालवून तर बघा. प्रेमानेच म्हणायचा, तेच सहन व्हायचं नाही."

"म्हणून नट सैल केले?"

"थोडेसेच. शिट्टी वाजावी, ओढ जावी. एवढ्या पैशाची गाडी आणि खटारा निघाली, असं लोकांनी म्हणावं. तो एकटाच काचा उघड्या टाकून कामावर जातो, साहेब. पोरगी गाडीत असेल हे..." चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

पोलिसांसमोरचा कबुलीजबाब न्यायालयात टिकत नाही, म्हणून पंचांसमक्ष त्यांच्या कामाच्या पिशवीतून पाना आणि मार्कर जप्त केला, घरातून दुसरी चावी घेतली. जीव धोक्यात घातल्याचा गुन्हा त्यांच्यावर लावला. त्यांच्या बायकोने दारातच विचारलं, "साहेब, मी बहिणीला काय तोंड दाखवू?"

सराईत गुन्हेगार काम झालं की पळतो. हा माणूस परत आला, कारण पोरीवर पुन्हा ती वेळ येऊ नये असं त्याला वाटत होतं. आला म्हणून सापडला. मत्सर करणारा माणूस वाईटच असतो असं नाही, हे मी या प्रकरणात शिकलो. तो आपल्या माणसांवर प्रेमही करत असतो, आणि आपल्याला फक्त थोडंसंच वाकडं करायचंय अशी स्वतःची समजूत घालत असतो. ते थोडंसं कुठे थांबेल हे त्याच्या हातात राहत नाही. परक्याची भरभराट आपण विसरून जातो, पण आपण हात धरून आणलेला माणूस पुढे गेला की ते डोळ्यांत खुपत राहतं. हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही.

संध्याकाळी गॅरेजवाल्याला सांगितलं, "जा घरी. आणि यापुढे गिऱ्हाईक शिट्टी म्हणालं तर बोनेट उघडत जा." मला वाटलं, आता हा ठाणं डोक्यावर घेईल, लोकांना शिव्या घालेल. तो उठला, चपला घातल्या आणि विचारलं, "मग कोण निघालं, साहेब?"

"मुलीचे काका. मावशीचे यजमान."

तो दारात थांबला.

"मग मीच बरा होतो ना, साहेब," तो म्हणाला. "पोरीला सांगायला तरी सोपं गेलं असतं."