पवई तलावात ऐटीत

तेव्हाची मी दीडशहाणी. पोहता येत नसताना भर पाडव्याला बोलून बसले, "यंदा मीही शिडाची होडी शिकणार."

कारण आमची वरच्या मजल्यावरची शेजारीण, शिडाच्या होडीची वेडी. साखर उसनी मागितली तरी ती "वारा बघून सांगते" म्हणायची, आणि दर पाडव्याला कडुलिंब चावत नवा संकल्प सोडायची. यंदाचा होता, एकटीनं पवई तलाव ओलांडायचा. आमचे हे तिच्याकडे बघतच राहिले. घरातल्या नव्या रंगीत टीव्हीकडेही असं बघितलं नव्हतं.

पहिल्याच रविवारी तिनं मला होडीत घेतलं. काठावरच्या ह्यांना हात करायला मी ऐटीत उभी राहिले आणि थेट पाण्यात पडले. अंबाडा धरून तिनं मला वर ओढलं आणि म्हणाली, "कुणासाठी उभी राहिलीस गं? तुझे हे तर केव्हाचे पेपर वाचतायत."