मधला तुकडा

रावसाच्या कालवणात चिंचेचा कोळ पडला की जो वास उठतो, त्याबरोबर मला पालघरच्या दवाखान्यातलं लाकडी बाकडं आठवतं. आईच्या अंगात रक्त फार कमी झालं होतं. शिरगावहून रिक्षाने जाईपर्यंतच ती दमली होती आणि बाकड्यावर मला टेकून बसली होती. आधीच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी तिला मासे, अंडी, पालेभाज्या भरपूर खायला सांगितलं होतं. बाबांनी त्या दिवसापासून रोज मासळी आणली, खोटं कशाला बोलू. आई ती साफ करायची, शिजवायची, आधी बाबांना वाढायची, मग भावांना, मग मला, आणि शेवटी पातेल्याला लागलेला रस्सा भाकरीने पुसून खायची. "काय काय खाल्लंत?" आत गेल्यावर बाईंनी विचारलं. आईने तोंड उघडायच्या आत मागे उभे असलेले बाबा म्हणाले, "मी रोज आणतो मॅडम, पन ही खातच नाय." बाई आईवरच चिडल्या. "तुम्हालाच तुमची काळजी नसेल तर माझ्या गोळ्या काय करणार?" आई पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाली, "खाईन आता." ती गेल्यापासून दर भाद्रपदात बाबा स्वतः उभे राहून तिच्या नावाचं पान वाढायला लावतात. आमच्यात पितरांना मासळी चालते. पहिलं पान तिचं, मधला मोठा तुकडा तिचा, आणि त्या पानाला कावळा शिवेपर्यंत घरात कुणीही घास तोंडात घालत नाही.