ओहोटीला सोडलेलं तेल

मनोरच्या बाजारात माझ्याकडून सुके बोंबील नेणारी एक वारली बाई आहे. डोंगरावरची शेती, सगळी पावसाच्या भरवशावर. पावसाळ्याची बेगमी ती दर मे महिन्यात माझ्याकडूनच करायची. मी लग्न होऊन खाडीकाठच्या मुरबे गावात आले, टोपली घेऊन त्या बाजारात बसू लागले, तेव्हापासूनचं हे गिऱ्हाईक. मी देईन ते पिशवीत टाकायची आणि घरच्या गप्पा मारत बसायची. मागच्या मे महिन्यात मात्र नेलेली पिशवी तशीच परत घेऊन आली.

"बाय, याला डिझेलचा वास हाय. पोरं तोंडात घेत नाय."

मला असा राग आला! चार बायकांत माझ्या मालाला नावं ठेवते म्हणजे काय? तावातावाने एक बोंबील उचलला, नाकाशी नेला. वास खरंच होता.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "भायेरून मोठी जहाजं जातात, त्यांचंच काम." आमच्या गावात हे उत्तर कशालाही चालतं. तसं ते अगदी खोटंही नाही. पावसाळ्यात किनाऱ्यावर डांबराचे गोळे येऊन पडतात, पायाला चिकटले की रॉकेलने घासावे लागतात. ते काही आमच्या होड्यांचे नव्हेत. पण माझे बोंबील वाळले भर उन्हाळ्यात, तेव्हा एकही गोळा आला नव्हता.

मग हा वास आला कुठून? आमच्याकडे इंजिनाचं जुनं तेल, होडीच्या तळाशी साचलेलं काळं पाणी धक्क्यावरच खाडीत सोडतात. तेही ओहोटी लागल्यावर. ओहोटी नेते, म्हणतात. भरतीला कुणी सोडलं तर त्याला शिव्या पडतात, म्हणजे बघा! आणि आम्ही बायका बोंबील धुतो ते भरतीला, खाडीच्याच पाण्यात. नळाच्या पाण्याने धुतले तर ते लिबलिबीत होतात. ओहोटी सगळं कुठली नेते? थोडं चिखलावर बसतं आणि भरतीबरोबर वर येतं, आमच्या टोपल्यांत.

त्याच सुमारास गावात समुद्राच्या प्रदूषणावर एक सभा झाली. शहरातून आलेल्या पाहुण्यांनी पडद्यावर मोठ्या बंदरांची चित्रं दाखवली. जहाज धक्क्याला लागलं की इंजिन बंद, किनाऱ्यावरून वीज घ्यायची, धूर नाही. तेलकट पाणी समुद्रात सोडायचं नाही, धक्क्यावरच्या टाकीत द्यायचं. पुरुष ओरडले, "जहाजवाल्यांना सांगा, आमाला काय सांगता?" माझं लक्ष त्या टाकीवर होतं.

"आपल्या धक्क्यावर एक टाकी ठेवायला काय धाड भरलीय?" मी घरी विचारलं.

"जहाज केवढं, आपली होडी केवढी!"

"बोंबलाला ते कळत नाय," मी म्हटलं.

आम्ही बायकांनी बोईसरहून एक पिंप आणून धक्क्यावर ठेवलं. जुनं तेल नेणारा टेम्पोवाला यायला तयार झाला. पिंप मात्र कोरडंच. निसरड्या पायऱ्यांवरून कॅन वर कोण आणणार? शेवटी आम्ही बायकांनी ठरवलं, जी होडी खाडीत तेल सोडेल तिच्या मासळीला हात लावायचा नाही. आमच्यात मासळी धक्क्यापर्यंत पुरुषाची. तिथून पुढे निवडणं, सुकवणं, विकणं, सगळं बाईचं.

आणि पहिली होडी सापडली ती आमचीच.

नवऱ्याने सगळ्यांदेखत माझा उद्धार केला. "घरचा माल सडवतेस? डोकं फिरलंय काय तुझं?" मला रडू फुटत होतं, पण उठून मासळीला हात लावला असता तर दुसऱ्या दिवशी कोण ऐकणार होतं? ऊन चढलं. एकही बाई पुढे झाली नाही. अख्खा माल कोंबडीखाद्याच्या टेम्पोत गेला. पण नंतरच्या खेपेला नवरा तेलाचा कॅन खांद्यावर घेऊन पायऱ्या चढला, माझ्याकडे न बघता पिंपात ओतून गेला. हळूहळू बाकीचेही ओतू लागले. बाहेरच्या जहाजांचं काय होतंय, ते मला इथे बसून दिसत नाही. खाडीवरचा तेलाचा तवंग मात्र कमी झालाय, ते रोज दिसतं.

यंदाच्या मे महिन्यात निवडक बोंबील घेऊन मनोरला गेले. ती वारली बाई येईल की नाही, सकाळभर जीव टांगणीला. आली. उकिडवी बसली, एक बोंबील मोडला, हुंगला. मग हात खाली घालून अगदी तळातला काढला आणि तोही हुंगला.

"आता बरा हाय," म्हणाली, आणि अर्धीच पिशवी भरून घेतली.

गप्पा मारायला काही थांबली नाही. मी तिला बोलावलंही नाही. कुठल्या तोंडाने बोलावणार?