मूळ आवाज

काचबिंदू म्हणजे मोतीबिंदूचा चुलतभाऊ, अशी माझी समजूत होती. ऑपरेशन केलं की संपलं, दुसऱ्या दिवशी काळा गॉगल लावून घरी. त्यामुळे डॉक्टरबाईंनी टेबलावर कागद सरकवला तेव्हा मी तो निम्म्या लक्षानंच पाहिला. त्यावर दोन वर्तुळं छापलेली होती, प्रत्येक डोळ्याचं एक. मध्यभागी थोडंसं पांढरं आणि भोवती सगळं काळं. डाव्या डोळ्याच्या वर्तुळात तर पांढरं शोधावं लागत होतं.

"हे काळं काय आहे?" मी विचारलं.

"तेवढं त्यांना दिसत नाही," बाई म्हणाल्या. "आणि गेलेलं परत येत नाही. थेंब लिहून देते, ते कायम घालायचे. उरलेलं राखायचं, एवढंच आता आपल्या हातात आहे."

अप्पा, म्हणजे माझे वडील, आम्हा दोघांच्या मध्ये बसले होते. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझी बायको. हा माणूस रोज सकाळी वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, तेही हातात पेन्सिल घेऊन. त्यांचं सगळं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलं. पुढे संगणकावर जुळणी सुरू झाली, मालकानं मुद्रितशोधक ही जागाच बंद केली आणि अप्पा घरी बसले. त्याच सुमारास त्याच संगणकानं मला नोकरी दिली. नोकरी गेली तरी त्यांची सवय गेली नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की पेपरात त्या अक्षराभोवती गोल पडतो. अशा माणसाला दिसत नाही म्हणजे काय?

"मधलं शेवटपर्यंत दिसत राहतं," बाई म्हणाल्या. "कडा आधी जातात. म्हणून तर घरच्यांच्या लक्षात येत नाही." मग त्या अप्पांकडे वळल्या. "आजोबा, तुम्हाला कधीपासून जाणवतंय?"

"झालं असेल वर्ष-दीड वर्ष."

"मग घरी कुणाला सांगितलं नाहीत?"

अप्पांनी मांडीवरची फाईल सरळ केली. "नाही," ते म्हणाले. "राहून गेलं."

"तेव्हाच आला असतात तर बरंच राखता आलं असतं," असं म्हणून बाई औषध लिहायला लागल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. रोज कुणाला ना कुणाला त्या हेच सांगत असणार.

बाहेर आल्या आल्या माझा तोल गेला. बाकांवर डोळ्यांत थेंब घालून, डोळे मिटून माणसं बसली होती. मी म्हटलं, "राहून गेलं म्हणजे काय, अप्पा? उद्या दूध नको हे दूधवाल्याला सांगायचं राहून जातं. जगाच्या शुद्धलेखनाच्या चुका सांगायचं तुमचं कधी राहून जात नाही. स्वतःचे डोळे चाललेत हे सांगायला काय तोंडाला कुलूप लागलं होतं?" बायकोनं माझी बाही ओढली. बाकावरच्या माणसांनी एकेक करून डोळे उघडले आणि आमच्याकडे पाहिलं. अप्पांनी फाईल छातीशी धरली होती. "रिक्षा बघ," एवढंच ते म्हणाले.

खरं तर त्या दवाखान्यापर्यंत आम्ही पोचलो तेही माझ्यामुळे नाही, बायकोमुळे. अप्पांच्या ताटात डावीकडचं सगळं तसंच राहतंय, हे तिच्या लक्षात आलं होतं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, कशालाही हात नाही. उजवीकडची भाजी मात्र संपलेली. आधी तिला वाटलं, आपली चटणी बिघडली. ती मला म्हणाली तेव्हा मी म्हटलं, "सदाशिव पेठेत वाढलेला माणूस आहे. नावं ठेवण्यापेक्षा चटणी ठेवतो, हे उपकार समज." मग एकदा आमच्या वारज्याच्या सोसायटीच्या गेटपाशी डावीकडून आलेली दुचाकी अप्पांना घासून गेली. कोपर सोललं. दुचाकीवाला म्हणाला, "काका, कधीचा हॉर्न देतोय." अप्पा म्हणाले, "ऐकू येत होतास. दिसत नव्हतास." हे वाक्य वॉचमननं बायकोला सांगितलं आणि तिनं ताट आणि दुचाकी एकत्र जोडून त्याच दिवशी डॉक्टरांची वेळ घेतली.

मी त्या दीड वर्षात काय करत होतो? मी व्हिडिओ काढत होतो.

खराडीच्या ऑफिसातला एक सहकारी परदेशातून येताना माझ्यासाठी छोटा अ‍ॅक्शन कॅमेरा घेऊन आला. काड्यापेटीपेक्षा जरा मोठा, मुठीत मावणारा. पहिल्याच रविवारी मी टेकडीवर जाऊन तो हातात धरून चाललो आणि सोमवारी ऑफिसात मोठ्या कौतुकानं सगळ्यांना दाखवला. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "सर, भूकंप झाला होता का?" सगळे हसले. मला ते लागलं. मी तसा एकमार्गी माणूस आहे. एकदा डोक्यात घेतलं की घेतलं.

मग सुरू झाली साधना. कोपरं बरगड्यांना चिकटवायची. कॅमेऱ्याची दोरी गळ्यात घालून कॅमेरा पुढे ढकलायचा, दोरी ताठ होईपर्यंत, म्हणजे हाताला तिसरा आधार मिळतो. गुडघे जरासे वाकवायचे, आधी टाच टेकायची, मग हळूच चवडा. आणि श्वास धरायचा. बायको म्हणाली, "चोरून जिना उतरणाऱ्या मांजरासारखा दिसतोस." दिसू दे. सहा महिन्यांत माझी फ्रेम अशी झाली की ताकाचं भरलं भांडं ठेवलं असतं तरी हिंदकळलं नसतं. कॅमेऱ्याची स्वतःचीही युक्ती असते. तो चित्राच्या चारी कडा थोड्या थोड्या कापतो आणि मधलं तेवढं स्थिर धरून ठेवतो. डॉक्टरबाईंनी कडा जातात आणि मधलं राहतं म्हटलं, तेव्हा मला ते इतक्या पटकन समजलं की माझी मलाच शरम वाटली.

दर रविवारी सकाळी अप्पा माझ्याबरोबर यायचे. आई गेल्यापासून आठवड्यात त्यांचं बाहेर पडणं तेवढंच. ते माझ्या मागे दोन पावलं असायचे, आणि त्यांना चालताना बोलायची सवय. मी नियम केला होता, शूटिंग चालू असताना बोलायचं नाही. आवाजाचा प्रश्न नव्हताच. मी प्रत्येक व्हिडिओचा आवाज बंद करायचो आणि वर बासरी नाहीतर गिटार लावायचो. प्रश्न श्वासाचा होता. ते बोलले की मला उत्तर द्यावं लागायचं, उत्तर दिलं की धरलेला श्वास सुटायचा आणि हात हलायचा.

दवाखान्याला दहा-बारा दिवस झाले असतील. घरात अबोला नव्हता, पण बोलणंही नव्हतं. दिवसातून दोनदा थेंब घालायचे, तेवढ्यापुरतं "वर बघा" आणि "झालं". शनिवारी दुपारी मी लॅपटॉप उघडला तर मी जिथे व्हिडिओ टाकतो त्या साईटचा निरोप आला होता, तुमच्या एका जुन्या व्हिडिओतलं संगीत तुमच्या मालकीचं नाही, काढून टाका. ठीक आहे म्हटलं. मूळ फाईल उघडली. त्या सॉफ्टवेअरमध्ये चित्राच्या खाली दोन पट्ट्या दिसतात, एक संगीताची आणि तिच्या खाली मूळ आवाजाची. ही खालची पट्टी मी कायम शून्यावर ठेवलेली. संगीत पुसलं तर व्हिडिओ अगदीच मुका झाला, म्हणून पाखरांचा आवाज तरी मिळतो का बघावं म्हटलं, आणि खालची पट्टी वर ओढली. कानाला हेडफोन होता.

आधी पावलं ऐकू आली. माझी, आणि मागून चपलांची. मग अप्पांचा आवाज, जरा लांबून.

"अरे, ऐक ना."

"अप्पा, शूटिंग चालू आहे." हा मी. कॅमेरा माझ्या तोंडाशी, त्यामुळे माझा आवाज केवढा तरी मोठा.

"नाही, एवढंच सांगायचं होतं. मला हल्ली बाजूचं दिसत नाही रे. मान वळवली की दिसतं."

"मग वळवा की. मान कशाला दिलीय देवानं?"

आणि त्यानंतर मी हसलो होतो. छोटंसं, नाकातून, स्वतःवर खूश होऊन. त्या हसण्यानं चित्र जरासं हललं होतं आणि लगेच पुन्हा स्थिर झालं होतं. पुढची दीड मिनिटं नुसती पावलं.

मी मागे नेऊन परत ऐकलं. मग फाईलची तारीख पाहिली. एक वर्ष आणि चार महिने झाले होते. अप्पांनी डॉक्टरबाईंना सांगितलेलं अगदी बरोबर होतं. मी खुर्चीत बसून आठवायचा प्रयत्न केला. ती सकाळ आठवली, तो चढ आठवला, त्या दिवशीचं ऊन कसं तिरपं होतं ते आठवलं. हे बोलणं आठवेना. अजूनही आठवत नाही. माणूस एखादं वाईट वाक्य बोलतो, रात्रभर तळमळतो, हे मला माहीत होतं. बोलून, हसून, साफ विसरून जातो, आणि वर दीड वर्षानं त्याच माणसाला चारचौघांत विचारतो की तोंडाला कुलूप लागलं होतं का, हे माझ्या कल्पनेतही नव्हतं.

मग मी एकेक करून बाकीच्या फाईली उघडल्या. चित्र बघतच नव्हतो, नुसता ऐकत होतो. पुढच्या महिन्यातल्या एका व्हिडिओत खडीचा उतार होता. त्यात अप्पांनी माझ्या दंडाला हात लावला असावा, कारण फ्रेमला जोराचा हिसका बसला आणि मी ओरडलो, "गेला ना शॉट. किती वेळा सांगायचं, हात लावू नका म्हणून." अप्पा म्हणाले, "धोंडा दिसला नाही. धरायला गेलो." मी म्हटलं, "इथे धोंड्याला धोंडा दिसत नाही," आणि परत पहिल्यापासून चालायला लागलो. तो व्हिडिओ मी परत काढला होता. दुसऱ्या खेपेला तो छान आला होता, लोकांनी खाली कौतुकही केलं होतं.

त्यापुढच्या फाईलींत अप्पा कमी कमी बोलत गेले. एकीत "चहा घेऊ या का खाली?" एकीत नुसतं खोकणं. शेवटच्या पाच-सहा महिन्यांत काहीच नाही. पावलं मात्र होती. आधी ती माझ्या मागे मोकळी पडायची. नंतरनंतरची पावलं अगदी माझ्या पाठीशी होती, मी टाकलं की लगेच ते टाकणार. ते माझ्या पाठीवर नजर ठेवून चालत होते. समोर तेवढंच दिसत होतं त्यांना. आणि मी श्वास धरून, टाच टेकवून, उन्हाचे कवडसे टिपत होतो.

लाज वाटली म्हणणं फार सौम्य होईल. आमच्या घरात खोचक बोलण्याला अक्कल समजतात. आजोबा तसे बोलायचे, अप्पाही तरुणपणी बोलायचे, मी तर त्यावर ऑफिसात लोकप्रिय झालो. कुणी काही म्हटलं की जिभेवर उत्तर तयार. समोरचा काय म्हणाला हे ऐकायच्या आधीच तयार, हे मला त्या हेडफोननं सांगितलं.

अप्पा गॅलरीत पेपर घेऊन बसले होते. मी लॅपटॉप उचलला, त्यांच्या डाव्या हाताला स्टुलावर बसलो, हेडफोन उपसून टाकला आणि म्हटलं, "अप्पा, हे ऐका."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. पावलं वाजली, अरे ऐक ना झालं, देवानं दिलेली मान झाली, माझं हसणं झालं. स्वयंपाकघरात बायकोची भांडी वाजत होती, म्हणून मी आवाज बेताचाच ठेवला होता. अप्पांचा चेहरा हलला नाही. मी बंद केलं.

"मला काय ऐकवतोस?" ते म्हणाले. "मी होतो तिथं."

"चुकलं माझं, अप्पा," मी म्हटलं. हे वाक्य मी त्यांना आयुष्यात कधी म्हटलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांनी मान डोलावली आणि पेन्सिल परत उचलली. त्यांच्या लेखी विषय संपला होता.

माझ्या लेखी संपला नव्हता. "मग डॉक्टरबाईंनी विचारलं तेव्हा राहून गेलं असं का म्हणालात? मला सांगितलं होतं ना तुम्ही. म्हणायचं तसं. बाहेर मी एवढं बोललो, सगळ्यांच्या देखत, तेव्हा तरी म्हणायचं, तुलाच सांगितलं होतं म्हणून."

मी डावीकडे होतो, त्यामुळे मला बघायला त्यांना खुर्चीत पूर्ण वळावं लागलं. वळले, माझा चेहरा सापडेपर्यंत थांबले.

"तुझी बायको शेजारी होती," ते हळूच म्हणाले.